ओमाहा पोकर, आंतरजालावरील

ओमाहा हा पोकर या पैजेच्या पत्तेखेळाचा एक प्रकार असून त्याचा खरा विस्तार एकविसाव्या शतकात आंतरजालावर झाला. ५२ पानांच्या संचाने खेळल्या जाणाऱ्या या खेळात प्रत्येक खेळाडूस चार पाने झाकून दिली जातात आणि मेजावर सर्वांसाठी मिळून पाच पाने टप्प्याटप्प्याने (प्रथम तीन, मग एक व शेवटी एक) उघडली जातात. हातातील नेमकी दोन व मेजावरील नेमकी तीन पाने घेऊन खेळाडूने पाच पानांचा गट सिद्ध करावयाचा असतो. ‘नेमकी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. मेजावर चार इस्पिके उघडी असली आणि हातात इस्पिकाचा केवळ एक्काच असला, तर पाच इस्पिकांचा गट होत नाही. नवशिके खेळाडू या ठिकाणी हमखास फसतात.

हा खेळ टेक्सस होल्डेम या अधिक प्रसिद्ध प्रकारापासून निघाला. होल्डेममध्ये हातात दोनच पाने असतात आणि त्यांचा उपयोग करणे वा न करणे ऐच्छिक असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत रॉबर्ट टर्नर या खेळाडूने हा प्रकार लास व्हेगास येथील ‘गोल्डन नगेट’ या जुगारगृहातील पोकर विभागाचे प्रमुख बिल बॉइड यांना दाखविला व तेथे तो ‘नगेट होल्डेम’ या नावाने सुरू झाला, असे सामान्यतः मानले जाते. पुढे तो युरोपातील जुगारगृहांतही स्थिरावला.

ओमाहाचे वैशिष्ट्य त्याच्या गणितात आहे. होल्डेममध्ये आरंभीचे १,३२६ भिन्न हात संभवतात; ओमाहात ते २,७०,७२५ होतात. चार पानांतून दोन-दोनांच्या सहा जोड्या व मेजावरील पाच पानांतून तीन-तीनांचे दहा संच निघत असल्याने, शेवटी प्रत्येक खेळाडूस साठ गट तपासून पाहावे लागतात. होल्डेममध्ये ते एकवीसच असतात. परिणामी हातांच्या बळातील अंतर कमी होते. होल्डेममध्ये दोन एक्के धरून बसलेला खेळाडू दोन राजे धरणाऱ्यापुढे दर पाच डावांपैकी सु. चार डाव जिंकतो. ओमाहात मात्र एक्क्यांची जोडी असलेला हात व सलग पानांचा चांगला हात यांत बहुधा तीनास दोन याहून मोठा फरक राहत नाही. म्हणूनच या खेळात पाने टाकून देण्याचे प्रमाण कमी असते आणि पैसा मेजावर अधिक येतो.

त्यातच या खेळाची पैज बहुधा ‘पॉट-लिमिट’ पद्धतीची असते, म्हणजे एका वेळी मेजावर जमलेल्या एकूण रकमेइतकीच कमाल पैज लावता येते. ही मर्यादा ऐकण्यास सौम्य वाटते, तशी ती नाही. मेजावर १०० रुपये असता एकाने पूर्ण पैज लावली व दुसऱ्याने ती स्वीकारली, तर ३०० रुपये जमतात. पुढील फेरीत ९०० व त्यापुढील फेरीत २,७००. तीन फेऱ्यांत मूळ रक्कम सत्तावीसपट होते.

या खेळास संगणक इतका का मानवला, हे यावरून उमगते. जुगारगृहात पाने वाटणाऱ्यास प्रत्येकास चार-चार पाने द्यावी लागत, मेजावरील रकमेचा हिशेब तोंडी करावा लागे आणि डावाच्या शेवटी कोणाचा गट श्रेष्ठ यावर वाद होत. आंतरजालावर ही तिन्ही कामे यंत्र क्षणात व बिनचूक करते. प्रत्यक्ष मेजावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात, तर पडद्यावर त्याच्या दुपटीहून अधिक. शिवाय एकच खेळाडू एका वेळी अनेक मेजांवर बसू शकतो.

आंतरजालावर खऱ्या पैशाने पोकर खेळण्यास १ जानेवारी १९९८ रोजी ‘प्लॅनेट पोकर’ या संकेतस्थळापासून प्रारंभ झाला. ‘पॅराडाइज पोकर’ (१९९९), ‘पार्टी पोकर’ व ‘पोकरस्टार्स’ (दोन्ही २००१) ही स्थळे त्यामागोमाग निघाली. टेनेसी राज्यातील ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस आंतरजालावरील अल्प शुल्काच्या पात्रता-स्पर्धेतून २००३ च्या ‘वर्ल्ड सीरीज ऑफ पोकर’मध्ये आला आणि ८३९ स्पर्धकांत पहिला येऊन त्याने २५ लक्ष डॉलर मिळविले. ती स्पर्धा होल्डेमची होती. तथापि तिने संकेतस्थळांकडे जो लोंढा वळविला, त्याचा लाभ ओमाहाच्या मेजांनाही झाला.

मोठ्या रकमांचा खेळ पुढे ओमाहाकडे सरकला. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फुल टिल्ट पोकर’ या स्थळावर ‘इसिल्डुर१’ या टोपणनावाचा एक अज्ञात खेळाडू जगातील नामांकितांशी खेळू लागला. तो व्हिक्टर ब्लूम हा स्वीडिश तरुण होता, हे नंतर उघड झाले. फिनलंडच्या पाट्रिक आंटोनिअसशी त्याचा २१ नोव्हेंबर रोजी झालेला ओमाहाचा एक डाव १३,५६,९४६ डॉलरवर गेला व तो आंटोनिअसने जिंकला. डिसेंबरमध्ये ब्रायन हेस्टिंग्ज याने ब्लूमकडून काही तासांत सु. ४२ लक्ष डॉलर जिंकले. त्यानंतर असे निघाले, की ब्लूमच्या पूर्वीच्या डावांच्या नोंदी काही खेळाडूंनी एकत्र करून अभ्यासल्या होत्या व हे त्या स्थळाच्या नियमांविरुद्ध होते. पडद्यावर प्रत्येक डावाची नोंद राहते आणि ती विकत वा उसनी मिळू शकते. ही गोष्ट जुगारगृहातील जुन्या खेळाडूस अपरिचित होती.

दरम्यान अमेरिकेत १३ ऑक्टोबर २००६ रोजी बेकायदा जुगारासाठी पैशाची देवघेव करण्यास बंदी घालणारा कायदा झाला. ‘पार्टी पोकर’ त्या बाजारातून बाहेर पडले. इतर काहींनी व्यवसाय चालू ठेवला. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी न्याय खात्याने ‘पोकरस्टार्स’, ‘फुल टिल्ट’ व ‘ॲब्सोल्यूट पोकर’ यांच्या चालकांवर खटले भरून त्यांची संकेतनामे ताब्यात घेतली. खरा आघात पुढे झाला. ‘फुल टिल्ट’कडे खेळाडूंचे सु. ३९ कोटी डॉलर जमा असावयास हवे होते, प्रत्यक्षात बँकेत सु. ६ कोटीच होते, असे न्याय खात्याने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मांडले. पडद्यावर दिसणारी शिल्लक हा केवळ आकडा होता. तो वाचून निश्चिंत राहिलेल्यांत व्यावसायिक होते, तसेच थोडी रक्कम घालणारे हौशी लोकही होते. २०१२ मध्ये ‘पोकरस्टार्स’ने तडजोड करून ‘फुल टिल्ट’ घेतल्यावर अमेरिकेबाहेरील खेळाडूंची रक्कम मोकळी झाली. अमेरिकी खेळाडूंना परतफेड २०१४ मध्ये सुरू झाली.

मनुष्याऐवजी यंत्रच खेळत असल्याचा संशय हे दुसरे संकट होय. २०१५ मध्ये ओमाहाच्या मध्यम रकमांच्या मेजांवर अशा यंत्रचलित खात्यांची टोळी असल्याचा आरोप खेळाडूंनीच आकडेवारी मांडून केला. त्याच वर्षी अल्बर्टा विद्यापीठाने दोघांत खेळल्या जाणाऱ्या मर्यादित पैजेच्या होल्डेमची जवळजवळ पूर्ण उकल प्रसिद्ध केली होती. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ (२०१७) व ‘प्लुरिबस’ (२०१९) या प्रणालींचे क्षेत्रही होल्डेमच होते. ओमाहातील हातांची प्रचंड संख्या ही त्याची काही काळ ढाल ठरली. तथापि गणकप्रणालींच्या साहाय्याने अभ्यास करणारे खेळाडू येथेही वाढले आणि हौशी खेळाडूचा निभाव लागणे कठीण झाले.

भारतात आंतरजालावरील पोकर २०१० नंतर रुजला. ओमाहा येथे विशेष प्रिय झाला. पाच पाने हातात देणारा त्याचा उपप्रकारही खेळला जाई. तीनपत्तीची सवय असलेल्या खेळाडूस पोकरमधील गटांची कल्पना नवखी वाटत नसे. या व्यवसायाचा कायदेशीर आधार मुंबईच्या एका प्रकरणात होता. बक्षीस-स्पर्धांसंबंधीच्या मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये कौशल्याच्या स्पर्धा व जुगार यांत भेद केला. १९६८ मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरला. पोकरबाबत मात्र एकवाक्यता नव्हती. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने तो जुगाराच्या व्याख्येतून वगळला होता, नागालँडने २०१६ मध्ये त्यास कौशल्याचा खेळ मानले, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगार ठरविला. ऑक्टोबर २०२३ पासून जमा केलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने हा वादच बाजूस सारला. कौशल्य असो वा दैव, पैसे लावून आंतरजालावर खेळविले जाणारे सर्व खेळ त्याने निषिद्ध केले. ते चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा ठेविली. राष्ट्रपतींची संमती मिळताच प्रमुख भारतीय स्थळांनी पैशाचे डाव थांबविले. कायद्याच्या वैधतेस आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने विविध उच्च न्यायालयांकडून स्वतःकडे घेतल्या. हा निर्बंध आंतरजालापुरता आहे. गोव्यातील मांडवी नदीवरील तरंगती जुगारगृहे १९७६ च्या गोव्याच्या कायद्यातील नंतरच्या दुरुस्तीखाली चालतात आणि त्यांच्या मेजांवर पाने हातानेच वाटली जातात.