ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं? डिस्क बदलण्याआधी हे वाचा

घाट उतरताय, पुढे ट्रक दिसतो, तुम्ही ब्रेक दाबता आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं. गॅरेजमध्ये गेलात की उत्तर ठरलेलं: "डिस्क वाकली आहे, बदलावी लागेल." डिस्क बदलता, तीन-चार हजार किलोमीटर गाडी मस्त चालते आणि मग थरथर पुन्हा सुरू! असं का होतं? कारण बहुतेक वेळा डिस्क तापून वाकलेली नसतेच. मूळ दोष बऱ्याचदा ती जिथे बसते तिथे असतो. तो तसाच राहिला तर नवी डिस्कही खराब होते.

थरथर नेमकी येते कशी?

डिस्क, म्हणजेच रोटर, ही ओतीव लोखंडाची चकती असते आणि ती चाकाबरोबर फिरते. ब्रेक दाबला की कॅलिपर दोन्ही बाजूंनी पॅड आवळतो आणि चकतीचा वेग कमी होतो.

आता समजा, चकती बसवताना मागच्या हबवर गंजाचा पातळ थर राहिला. चकती किंचित तिरकी बसली, म्हणजे फिरताना ती थोडी डुलणार. अनेक गाड्यांमध्ये हे डुलणं ०.०५ ते ०.१ मिमीपर्यंतच चालतं. वहीचा कागद साधारण ०.१ मिमी जाडीचा असतो, यावरून अंदाज घ्या.

सुरुवातीला तुम्हाला काहीच जाणवत नाही. पण प्रत्येक फेरीत चकतीचा तोच भाग पॅडला घासतो, अगदी ब्रेक दाबलेला नसतानाही. हजारो किलोमीटरनंतर तो भाग बाकीच्यापेक्षा पातळ होतो. मग ब्रेक दाबल्यावर पॅडखालून कधी जाड भाग जातो, कधी पातळ. जाड भाग पॅडला मागे ढकलतो आणि तेच धक्के पेडल आणि स्टिअरिंगपर्यंत पोचतात. जाडीतला ०.०२ मिमीचा फरकही जाणवू शकतो.

दुसरं कारण म्हणजे पॅडचा थर. घाट उतरून ब्रेक खूप तापलेत आणि तुम्ही टोलनाक्यावर पाय दाबून उभे राहिलात, तर पॅडचं मटेरियल चकतीवर एकाच जागी चिकटू शकतं. परिणाम तोच.

आधी खात्री करा

- ब्रेक न दाबताही ८०-१०० च्या वेगाला थरथर येते? मग आधी व्हील बॅलन्सिंग तपासा.
- फक्त ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग हलतं? संशय पुढच्या डिस्कवर.
- सीट आणि फ्लोअर जास्त हलतं? मागचे ब्रेक बघा. तिथे ड्रम असतील तर ड्रमही तपासावे लागतात.
- जोरात ब्रेक मारल्यावरच पेडल कडकड करत थडथडतं? ते एबीएसचं नेहमीचं काम आहे.
- लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येतो किंवा पेडल खाली जातं? गाडी चालवू नका, आधी गॅरेजला दाखवा.

डिस्क खरंच कधी बदलायची?

चकतीवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. नवी डिस्क २२ मिमीची असेल तर ही मर्यादा साधारण २० मिमी असते. चाक काढल्यावर मोबाईलने त्या आकड्याचा फोटो काढा आणि मेकॅनिकला तुमच्यासमोर जाडी मोजायला सांगा. जाडी मर्यादेखाली गेली असेल किंवा चकतीला तडा असेल तर ती बदलायचीच. जाडी पुरेशी असेल तर लेथवर चकती सपाट करून घेता येते, फक्त त्यानंतरही ती मर्यादेच्या वर राहायला हवी.

काम होताना या गोष्टी बघा

१. एका एक्सलच्या दोन्ही डिस्क आणि पॅड एकत्र बदला. एकाच बाजूची बदलली तर ब्रेक मारताना गाडी एकीकडे ओढू शकते.
२. हब वायर ब्रशने घासून स्वच्छ झालाच पाहिजे. हीच पायरी सर्रास गाळली जाते.
३. नव्या डिस्कवर गंजरोधक तेल असतं. ते ब्रेक क्लीनरने पुसून घ्या.
४. डायल गेज लावून चकती डुलते का ते तपासायला सांगा.
५. कॅलिपरच्या पिना मोकळ्या सरकतात ना, ते बघा. अडकल्या तर पॅड चकतीला सतत घासत राहतात.
६. व्हील नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचनेच आवळा. छोट्या गाड्यांना बहुधा ८५ ते ११० न्यूटन मीटर लागतात. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. एअर गनने कसेही आवळले तर चकती तिरकी होऊ शकते. पंक्चर काढल्यावरही हाच नियम.
७. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पाच-सहा वेळा दाबा. काम झाल्यावर पहिल्यांदा ते थेट खाली जातं. हे विसरलात तर गॅरेजच्या दारातच अपघात होऊ शकतो.

घरी काम करणार असाल तर फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, जॅक स्टँड लावा.

नंतरची काळजी

पॅड कंपनीची वेगळी सूचना नसेल तर मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगावरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा मध्यम दाबाने ब्रेक लावा. मध्ये थोडं अंतर ठेवा. शेवटी काही किलोमीटर ब्रेक न वापरता चालवून ते थंड होऊ द्या. यामुळे पॅडचा थर सगळीकडे सारखा बसतो.

घाटात उतरताना खालचा गिअर ठेवा. इंजिनच गाडीला आवरतं आणि ब्रेक कमी तापतात. घाट उतरल्या उतरल्या तापलेल्या चाकांवर गार पाणी मारू नका. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर लालसर गंज दिसला तर घाबरू नका, तो पहिल्या काही ब्रेकमध्येच निघून जातो.

पुढच्या वेळी "डिस्क वाकली" असं ऐकलंत की एवढंच विचारा: "हब साफ करून, गेज लावून बघितलंत का?" उत्तर "नाही" असेल तर नवी डिस्क घ्यायची घाई करू नका.