‘गगन’ प्रणालीच्या अंमलाचा काल

धावपट्टीनजीक उभारलेल्या प्रक्षेपकांच्या आधारे विमान धुक्यातून उतरविण्याची रीत जुनीच. ते काम उपग्रहांवर सोपविणाऱ्या ‘गगन’ प्रणालीस तशी मान्यता एप्रिल २०१५ मध्ये मिळाली. परंतु राजस्थानांतील किशनगड येथे इंडिगोचे एटीआर विमान तिच्या मार्गदर्शनाने प्रत्यक्ष उतरले ते २८ एप्रिल २०२२ रोजी. आरंभ कोणत्या सालचा धरावा? सनद मिळणे निराळे व अंमल बसणे निराळे, हे दप्तरे चाळणारांस सांगणे नलगे. आम्ही २०२२ हेच साल ग्राह्य मानतो. भूमीवरील यंत्रे अजीबात सुटली, हे विधान मात्र आम्हांस मान्य नाही. विषुववृत्तानजीकच्या चंचल आयनांबरातून येतांना उपग्रहसंदेशास विलंब लागतो. ती चूक मोजण्यासाठी देशभर १५ संदर्भस्थानके बसवावी लागली. धावपट्टीजवळची यंत्रे तेवढी अनावश्यक ठरली.