माजावर आलेली मांजरी आणि सहाव्या महिन्याची वाट

इजिप्तच्या मांजरांबद्दल हेरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात एक निरीक्षण लिहून ठेवलं आहे. पिल्लं झाली की मांजरी बोक्याकडे फिरकत नाही; म्हणून बोके पिल्लं पळवून मारतात आणि पिल्लांना मुकलेली आई पुन्हा त्यांच्याकडे येते. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते ती बोक्याच्या धास्तीनेच, असं आपल्याकडेही सांगतात. मांजरीचं वागणं माणसाने इतक्या बारकाईने पाहिलं, पण तिची वेतं थांबवायचा उपाय त्याला विसाव्या शतकापर्यंत नीटसा सापडला नाही.

उपाय माहीतच नव्हता असं नाही. डुकरिणी आणि सांडणी यांची अंडाशयं काढण्याची पद्धत ॲरिस्टॉटलने नोंदवली आहे. डुकरीण त्याने लठ्ठ होई, सांडणी लढाईच्या कामाला येई. जनावर दगावलं तरी धोका पत्करण्याजोगा फायदा होता. मांजरीच्या बाबतीत असा फायदा कुणालाच नव्हता. बोक्याचं काम सोपं होतं. त्याला डोक्याकडून बुटात किंवा पोत्यात कोंबायचं, मागचे पाय धरायचे आणि भूल न देताच खच्ची करायचं, ही युरोपातल्या खेड्यांची जुनी रीत. मांजरीचं मात्र पोट उघडावं लागतं. त्यामुळे तिला वाट पाहावी लागली ती १८४६-४७ मध्ये आलेल्या ईथर आणि क्लोरोफॉर्मची, आणि त्यानंतर निर्जंतुक शस्त्रक्रियेची. लंडनचे पशुवैद्य फ्रेडरिक हॉब्डे यांचं कुत्र्या-मांजरांच्या शस्त्रक्रियेवरचं पुस्तक १९०० साली निघालं. तरीही कित्येक दशकं सामान्य घरांतला उपाय एकच राहिला: पिल्लं बादलीत बुडवायची, नाहीतर पोत्यात घालून लांब सोडून यायचं.

प्रश्न घराच्या आत आला तो अमेरिकेत एका मातीमुळे. १९४७ मध्ये मिशिगनच्या एडवर्ड लो यांनी मांजराच्या शी-शूसाठी पाणी शोषणारी माती विकायला सुरुवात केली आणि मांजर चोवीस तास घरात राहू शकेल अशी सोय झाली. आता माजावर आलेल्या मांजरीचं रात्रभर ओरडणं, जमिनीवर लोळणं, शेपूट बाजूला करून मागचा भाग उचलणं हे सगळं माणसाच्या झोपेच्या खोलीत घडू लागलं. प्रथमच पाहणाऱ्याला तिला कुठेतरी दुखतंय असंच वाटतं. दुखत नसतं; पण ती अस्वस्थ असते हे खरं.

हा माज साधारण आठवडाभर टिकतो. मांजरीत बीज सुटतं ते समागमानंतर, त्यामुळे बोका मिळाला नाही की दोन-तीन आठवड्यांत तेच चक्र पुन्हा सुरू होतं. दिवसाच्या उजेडावर ते अवलंबून असतं. युरोपच्या उत्तरेकडे हिवाळ्यात काही महिने शांततेचे जातात. आपल्याकडे दिवस फारसा लहान होत नाही आणि घरात दिवे असतात, म्हणून ही विश्रांती मिळेलच असं नाही.

गोळ्या आणि इंजेक्शनं आली. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या धर्तीच्या या औषधांनी माज थांबतो, पण गर्भाशयात पू होणं, मधुमेह, स्तनांच्या गाठी हे धोके हळूहळू स्पष्ट झाले. दुकानातून आणून आपल्या मनाने द्यायचं हे औषध नव्हे.

शस्त्रक्रिया कधी करायची, यावर मात्र बरीच वर्षं ‘सहा महिने’ हेच उत्तर मिळत राहिलं. लहान जिवाला भूल झेपणार नाही ही भीती त्यामागे होती, आणि भूल सुरक्षित झाली तरी आकडा तसाच राहिला. मांजरी चौथ्या महिन्यातही माजावर येऊ शकते. म्हणजे सल्ला पाळणाऱ्या घरातही ती शस्त्रक्रियेच्या आधीच गाभण राहायची. लिओ लीबरमन या अमेरिकी पशुवैद्यांनी १९८७ मध्ये दोन महिन्यांच्या पिल्लांवरही शस्त्रक्रिया करावी असं मांडलं. १९९३ मध्ये अमेरिकन पशुवैद्यक संघटनेने लहान वयातल्या शस्त्रक्रियेला पाठिंबा दिला. २०१६ मध्ये तिथल्या तज्ज्ञांच्या गटाने पाचवा महिना उलटण्याआधी हे उरकावं अशी शिफारस केली. २००५ च्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या मांजरींत स्तनांच्या कर्करोगाचा धोका ९१ टक्क्यांनी कमी आढळला होता. ‘एक वेत होऊ द्या, मग बघू’ हा आपल्याकडचा आग्रह त्यापुढे टिकत नाही.

माज सुरू झालाच असेल तर खिडक्या-दारं बंद ठेवावीत आणि डॉक्टरांना तसं आधी सांगावं. त्या दिवसांत रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, त्यामुळे काही जण थोडं थांबतात, काही जण तेव्हाही शस्त्रक्रिया करतात. व्यायलेल्या मांजरीची बहुधा पिल्लांचं दूध सुटल्यावर केली जाते. पण तोवर तिला बाहेर सोडू नये: अंगावर पिल्लं पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते, आणि साधारण ६३ ते ६५ दिवसांत दुसरं वेत दारात असतं.