आर्सेनिक : मानवी शरीरातील चयापचय

आर्सेनिकाची संयुगे शरीरात शिरल्यावर त्यांचे शोषण, रूपांतर व उत्सर्जन ज्या क्रियांनी होते, त्यांना एकत्रितपणे आर्सेनिकाचा चयापचय म्हणतात. एकाच विहिरीचे पाणी पिणाऱ्यांपैकी काहींना विषबाधा होते, तर काहींना होत नाही, याचे उत्तर बव्हंशी या चयापचयात सापडते.

सोमल, हरताळ व मनशीळ ही आर्सेनिकाची संयुगे भारतात प्राचीन काळापासून ज्ञात आहेत. पोथीतील चुकीचा मजकूर हरताळ लावून झाकीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. सोमलाचा विष म्हणूनही वापर होई. जेम्स मार्श यांनी १८३६ मध्ये त्याची खात्रीलायक कसोटी प्रसिद्ध केली. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे दोनतीन घोट घेऊन उरलेले टाकून दिले. पेल्यातील गाळ मुंबईच्या सरकारी रासायनिक विश्लेषकाकडे धाडण्यात आला व त्यात सोमल आढळला. आयोगाच्या सहा सदस्यांत समसमान मतभेद झाले. तरीही मल्हारराव गायकवाड यांना १८७५ मध्ये पदच्युत करण्यात आले. पेल्यात विष आहे की नाही, हे तत्कालीन रसायनशास्त्र सांगू शके. पोटात गेलेल्या विषाचे पुढे काय होते, हे मात्र त्यास अज्ञात होते.

या प्रश्नाचा उलगडा आडमार्गाने झाला. भिंतीच्या रंगीत कागदांवरील बुरशी आर्सेनिकापासून लसणासारख्या वासाचा वायू निर्माण करते, असे इटलीत गोझिओ यांनी १८९०–१९०० या दशकात दाखविले. हा वायू म्हणजे ट्रायमेथिल आर्सीन होय, हे चॅलेंजर यांनी १९३०–४० या दशकात सिद्ध केले. मानवी मूत्रातही मेथिल संयुगे असतात, असे १९७३ मध्ये आढळले. यकृतात पंचसंयुजी आर्सेनिकाचे त्रिसंयुजी रूपात क्षपण होते व त्यास एंझाइमाच्या साहाय्याने मेथिल गट जोडले जातात. मूत्रातील आर्सेनिकापैकी सामान्यतः ६० ते ७० टक्के भाग डायमेथिल, १० ते २० टक्के मोनोमेथिल व उरलेला अकार्बनी स्वरूपाचा असतो. केस व नखे यांतील गंधकयुक्त प्रथिनांशी काही आर्सेनिक बद्ध होऊन राहते.

मेथिलीकरण म्हणजे केवळ विषनिवारण, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. त्रिसंयुजी मोनोमेथिल संयुग मूळ विषाहूनही घातक ठरू शकते, असे २००० च्या सुमारास दिसून आल्याने ती मागे पडली. हे संयुग मध्येच साचून न राहता रूपांतर पूर्ण होणे महत्त्वाचे असते. यावर विषाची मात्रा, वय, लिंग, गर्भावस्था, धूम्रपान, आहार व आनुवंशिकता यांचा परिणाम होतो. अर्जेंटिनातील अँडीज पर्वतात पिढ्यान्‌पिढ्या आर्सेनिकयुक्त पाणी पिणाऱ्या लोकांत हे रूपांतर कार्यक्षमतेने घडविणारा जनुकप्रकार अधिक आढळतो. बांगला देशात फॉलिक अम्लाची उणीव असलेल्या प्रौढांना ते १२ आठवडे रोज ४०० मायक्रोग्रॅम दिल्यावर रक्तातील आर्सेनिक घटले.

गडचिरोलीलगतच्या, तत्कालीन मध्य प्रदेशातील राजनांदगाव जिल्ह्यात कौडीकसा येथील भूजलात आर्सेनिक असल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा भागांत अपुरे पोषण असलेल्यांना अधिक धोका संभवतो. पूरक आहाराने उत्सर्जनास साहाय्य होत असले, तरी तो शुद्ध पाण्याचा पर्याय नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला १० मायक्रोग्रॅम ही मार्गदर्शक मर्यादा सुचविली आहे.