मोतीबिंदू ‘पिकू’ द्यावा का? वय, डोळ्यातील निचरा आणि काचबिंदू

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे सारखी वाटली, तरी आजार वेगळे आहेत. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते आणि ऑपरेशननंतर बहुतेकांना पुन्हा चांगले दिसते. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू निकामी होते आणि गेलेली नजर परत येत नाही. त्यामुळे ‘धूसर दिसतंय म्हणजे मोतीबिंदूच, पिकला की ऑपरेशन करू’ असे घरीच ठरवणे महागात पडू शकते.

डोळ्यातील पाणी जाते कुठे?

हे पाणी म्हणजे अश्रू नव्हेत. डोळ्याच्या आत मिनिटाला साधारण २ ते २.५ मायक्रोलिटर पारदर्शक द्रव तयार होतो. भिंगाला आणि डोळ्याच्या पुढच्या काचेला, म्हणजे पारपटलाला, तो पोषण देतो. पारपटल आणि डोळ्यातील रंगीत पडदा जिथे मिळतात, त्या कोपऱ्यात स्पंजासारखी बारीक जाळी असते. तिला ट्रॅबेक्युलर मेशवर्क म्हणतात. जाळीतून गाळून हा द्रव श्लेमच्या नलिकेत आणि पुढे रक्तात जातो. जेवढा तयार होतो तेवढाच बाहेर गेला, तर दाब साधारण १० ते २१ मिमी पारा एवढा राहतो.

वयानुसार काय बदलते?

पहिला बदल जाळीत होतो. तिथला कचरा साफ करणाऱ्या पेशी वयाबरोबर कमी होतात, जाळीचे धागे जाड व ताठर होतात, नलिकाही अरुंद होते. द्रव तयार होण्याचे प्रमाणही थोडे घटते, म्हणून प्रत्येकाचा दाब वाढत नाही. हा तोल बिघडला की दाब चढतो. दुखत नाही, लाल होत नाही. नजर सहसा कडेने जाऊ लागते आणि ते उशिरा लक्षात येते.

दुसरा बदल भिंगात होतो. ते आयुष्यभर जाड होत जाते, रंगीत पडद्याला पुढे ढकलते आणि निचऱ्याचा कोपरा अरुंद करते. स्त्रियांमध्ये आणि दूरदृष्टीदोष असलेल्या लहान डोळ्यांत हा धोका जास्त असतो. पूर्ण पिकलेला मोतीबिंदू फुगून हा कोपरा बंदही करू शकतो. याउलट जाड भिंग काढून पातळ कृत्रिम भिंग बसवले, की कोपरा बहुधा मोकळा होतो. आजच्या शस्त्रक्रियेसाठी मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहावी लागत नाही.

फक्त दाब मोजणे पुरेसे आहे का?

नाही. वर्ध्याशेजारी, नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरील खेड्यांत २००६ ते २००८ या काळात ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ झाला. तीस वर्षांवरील ४,७११ जण त्यात सहभागी झाले. त्यांच्या पारपटलाची सरासरी जाडी सुमारे ५१४ मायक्रॉन, म्हणजे बरीच कमी भरली. पारपटल पातळ असेल, तर यंत्रावर दाब प्रत्यक्षाहून कमी दिसू शकतो. शिवाय दाब ‘नॉर्मल’ असूनही काहींना काचबिंदू होतो. म्हणून दाबासोबत नस, निचऱ्याचा कोपरा आणि गरजेनुसार कडेची नजरही तपासतात.

कोणी, कधी तपासावे?

• चाळिशीनंतर प्रत्येकाने. आई-वडील किंवा भावंडांना काचबिंदू असल्यास नियमितपणे.
• मधुमेह किंवा मोठा मायनस नंबर असणाऱ्यांनी.
• स्टेरॉइडचे थेंब बराच काळ वापरणाऱ्यांनी. या थेंबांनीही निचरा मंदावतो, म्हणून ते डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत.
• डोळा अचानक लाल होऊन खूप दुखला, दिव्याभोवती रंगीत वलये दिसली, उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघे येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय येथे नेत्रविभाग आहेत. औषधाचे थेंब, लेझर किंवा शस्त्रक्रियेने दाब कमी करून उरलेली नजर टिकवता येते. त्यासाठी आजार वेळेत सापडायला हवा.