क्लासची फी परवडत नाही? मग मार्शल आर्ट्स शिकायचं तरी कुठे?

कराटेच्या क्लासची महिन्याची फी बघून बरेच पालक म्हणतात, 'चालेल, एवढं तर जमेल.' खर्च सुरू होतो तो त्यानंतर. आधी पांढरा ड्रेस, मग दर काही महिन्यांनी बेल्टची परीक्षा आणि तिची वेगळी फी. मग कुठल्या तरी शहरातली स्पर्धा, तिची प्रवेश फी, प्रवास, राहणं. बॉक्सिंग असेल तर ग्लोव्हज, हाताला बांधायच्या पट्ट्या आणि दातांचं गार्ड. घरात दोन भावंडं असतील तर हिशेब दुप्पट. त्यामुळे अनेक मुलं पिवळ्या नाहीतर केशरी बेल्टपर्यंत पोचतात आणि क्लास सुटतो.

मग पर्याय उरतो यूट्यूबचा. पण त्याआधी एक गोष्ट समजून घेऊ. लढण्याच्या कोणत्याही प्रकारात शिकण्यासाठी तीन गोष्टी लागतात: सरावाची जागा, समोर उभा राहणारा जोडीदार आणि चूक दाखवणारा जाणकार. मोबाईल यातली एकही देत नाही. या तिन्ही गोष्टी फुकट किंवा नाममात्र पैशात मिळतात अशा जागा महाराष्ट्रात आहेत. फक्त त्यांची जाहिरात इन्स्टाग्रामवर येत नाही.

सगळ्यात जुना आणि स्वस्त क्लास: तालीम

आपल्याकडे मार्शल आर्ट्स म्हटलं की डोळ्यांसमोर जपान, कोरिया नाहीतर ब्रूस ली येतो. कुस्ती आठवतच नाही. खरंतर ती ऑलिम्पिकमधली लढतीची कला आहे आणि तिचं शिक्षण आपल्या गल्लीच्या टोकाला मिळू शकतं.

राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली कोल्हापुरात खासबाग मैदान उभं राहिलं आणि गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींची नावं गावोगावी पोचली. पण तालमी फक्त कोल्हापुरात नाहीत. पुण्याच्या पेठांमध्ये आहेत, सांगली-सातारा-सोलापूरच्या गावांमध्ये आहेत. अनेक तालमींत महिन्याची वर्गणी नाममात्र असते. साहित्य म्हणजे एक लंगोट. ड्रेस, बेल्ट, परीक्षा यातलं काहीही नाही.

फीऐवजी तालीम तुमच्याकडून कष्ट मागते. पहाटे उठायचं, हौद्यातली माती फावड्याने उकरायची, जोर आणि बैठका मारायच्या, वस्ताद सांगतील त्या जोडीदाराशी धरपकड करायची. नव्या पोराला पहिले काही आठवडे डाव शिकवतीलच असं नाही. ज्याला तीन महिन्यांत 'सेल्फ डिफेन्स' हवा आहे त्याला हे कंटाळवाणं वाटेल. पण रोज खऱ्या विरोधाशी झुंजण्याचा जो सराव तिथे होतो, तो महागड्या क्लासमध्येही क्वचितच मिळतो.

गावच्या जत्रेतल्या कुस्त्या हाही याच व्यवस्थेचा भाग. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर लागतात, पुढे शंभर-दोनशे रुपयांचं इनाम, मग हजारांचं. म्हणजे इथे स्पर्धेत उतरायला पैसे भरावे लागत नाहीत. जिंकलात तर तुम्हालाच मिळतात.

मग खर्च कुठे आहे? खुराकात. दूध, तूप, बदाम, अंडी, मटण यांचा खर्च पैलवानाच्या घराला खरा घाम फोडतो. तालमीत राहणाऱ्या अनेक मुलांचा डबा अजूनही गावाहून येतो, शिधा घरचा असतो. मात्र हा खर्च मोठ्या मैदानात उतरणाऱ्या मल्लाचा. रोज तास-दीड तास शिकणाऱ्याला बदामाची पोती लागत नाहीत. अंडी, दूध, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, डाळ-भाकरी एवढं नियमित मिळालं तरी सुरुवातीला पुरे आहे.

खाशाबा जाधवांचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा. कुस्तीचे पहिले धडे घरीच, पैलवान असलेल्या वडिलांकडून मिळाले. शिकण्यासाठी पैसा आडवा आला नाही, तो आला परदेशी जायच्या वेळी. १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी लोकांकडून पैसे गोळा करावे लागले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी स्वतःचं घर गहाण ठेवल्याचं सांगितलं जातं. खाशाबांनी ब्राँझ आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

मुलींनी कुठे जायचं?

तालमीचं कौतुक करताना हे लपवून चालणार नाही की जुन्या तालमींपैकी बऱ्याच ठिकाणी मुलींना आजही प्रवेश नाही. चित्र बदलतंय. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी ती जिंकली. मुलींसाठी मॅटवरची केंद्रं वाढत आहेत, पण ती प्रत्येक तालुक्यात नाहीत.

मुलींसाठी जवळची जागा म्हणजे शाळा. समग्र शिक्षा योजनेत 'राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण' हा उपक्रम आहे. सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींना तीन महिने स्वसंरक्षणाचं प्रशिक्षण द्यायचं, असं त्याचं स्वरूप आहे. तुमच्या शाळेत तो झाला नसेल तर मुख्याध्यापकांना विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, त्यांनी विचारलं तर आणखी बरं.

पोलिसांची किंवा संस्थांची दोन दिवसांची शिबिरंही असतात. जरूर जा, पण तिथून काय मिळेल याबद्दल भ्रम नको. मनगट सोडवायची एक पद्धत, ओरडायचं कसं, पळायचं कधी, एवढं मिळतं. दोन दिवसांत कुणी लढायला शिकत नाही. शिबिर संपल्यावर त्या प्रशिक्षकांना एकच प्रश्न विचारा: 'नियमित सराव कुठे चालतो?' शिबिराचा खरा फायदा या उत्तरात असतो.

कॉलेजची जिमखाना फी तुम्ही आधीच भरली आहे

हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. ॲडमिशनच्या पावतीवर जिमखान्याची रक्कम असते. विद्यापीठांच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग, तायक्वांदो असे खेळ असतात आणि मुलींच्या गटात कॉलेजांना अनेकदा खेळाडूच मिळत नाहीत. क्रीडा शिक्षकांकडे जाऊन 'मला शिकायचंय, नवी आहे' म्हणणाऱ्या मुलीला नाही म्हणायचं कारण त्यांच्याकडे फारसं नसतं.

शाळकरी मुलांसाठी शालेय क्रीडा स्पर्धांचा रस्ता आहे. त्याची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते. तिथेच तालुका किंवा जिल्हा क्रीडा संकुलात कोणते खेळ चालतात, प्रशिक्षक कोण आहेत, हेही कळतं. वय लहान आणि चुणूक असेल तर राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीची निवड चाचणी द्यावी. निवड झालेल्या मुलांचं राहणं, जेवण, शिक्षण आणि प्रशिक्षण सरकारी खर्चाने होतं. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटची बॉईज स्पोर्ट्स कंपनीही अशीच लहान वयात मुलं निवडते. पुढे खेलो इंडियासाठी निवड झालेल्या खेळाडूंना महिना १०,००० रुपये हातखर्चासाठी मिळतात. अर्थात या शेवटच्या गोष्टी मोजक्या मुलांच्या वाट्याला येतात. सगळ्यांसाठी दार उघडं असतं ते जिमखान्याचं आणि संकुलाचं.

एक सावधानता. ठरावीक पातळीवर खेळलेल्यांना दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडा गुण मिळतात, राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. याच आमिषावर काही जण 'राष्ट्रीय', 'आंतरराष्ट्रीय' स्पर्धांच्या नावाने पैसे घेतात. कराटेसारख्या खेळात संघटना भरपूर आहेत आणि प्रत्येकीचं प्रमाणपत्र सरकार ग्राह्य धरत नाही. पैसे भरण्याआधी जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारून घ्या. ब्लॅक बेल्ट लवकर मिळवून देण्याचं आश्वासन मिळालं तर विचारायलाही जाऊ नका, सरळ घरी या.

आवडीचा क्लास तोच असेल तर?

सरांशी बोला. संकोच वाटतो, पण पैशावाचून शिकणारा विद्यार्थी ही गोष्ट कोणत्याही चांगल्या शिक्षकाला नवी नसते. लवकर येऊन मॅट अंथरणं, लहान मुलांच्या बॅचला मदत करणं, हिशेबाची वही ठेवणं, याच्या बदल्यात फी माफ किंवा अर्धी होऊ शकते. काय करायचं, किती वेळ आणि किती महिने, हे सुरुवातीलाच स्पष्ट ठरवा. मूल अल्पवयीन असेल तर पालकांनी स्वतः जाऊन बोलावं आणि सराव कधीही येऊन बघता येईल का, हेही विचारावं. बघू न देणाऱ्या ठिकाणी मूल फुकटातही पाठवू नये.

आणि घरी?

घरी काहीच होत नाही असं नाही. उभं राहण्याची पद्धत, पायांची हालचाल, दोरीउड्या, शॅडो बॉक्सिंग, कराटेचे काता, जोर-बैठका हे सगळं एकट्याने करता येतं. एकाच शिक्षकाचे व्हिडिओ धरा, दहा जणांचे नको. आठवड्यातून एकदा मोबाईल भिंतीला टेकवून स्वतःला शूट करा आणि शेजारी मूळ व्हिडिओ लावून बघा. ठोसा मारताना दुसरा हात गालापासून खाली येतोय का, एवढं जरी दिसलं तरी महिनाभराचं काम मिळतं.

पंचिंग बॅग घरी करायची तर गोणीत नुसती वाळू भरू नका. वाळू तळाशी बसून दगड होते आणि मनगट जातं. जुने कपडे, चिंध्या ठासून भरा. हाताला जुन्या सुती साडीची लांब पट्टी गुंडाळा.

मित्र किंवा बहीण तयार असेल तर एक साधा खेळ खेळा: समोरासमोर उभं राहून एकमेकांच्या खांद्याला हात लावायचा, आपला खांदा वाचवायचा. पाच मिनिटांत दम लागतो. अंतर ओळखायची आणि वेळ साधायची सवय यातून लागते, लागण्याचा धोका जवळपास नाही.

काय करायचं नाही, हे जास्त महत्त्वाचं. फरशीवर किंवा गादीवर उचलून आपटायचे डाव नकोत. पडायचं कसं हे ज्युदोत आणि कुस्तीत वेगळं शिकवावं लागतं, ते न शिकता पडलं की हात, खांदा किंवा मान दुखावते. व्हिडिओ बघून गळा आवळायचे डाव तर अजिबात नाहीत. डोक्यावर ठोसे मारून 'सराव' करू नका. डोक्याला मार लागल्यावर उलटी, चक्कर, गोंधळल्यासारखं बोलणं किंवा वाढती डोकेदुखी दिसली तर झोपून बरं वाटेल म्हणून थांबू नका, दवाखाना गाठा. तालमीत असाल तर अंगावर गोल, खाजणारा चट्टा दिसताच माती आणि मॅटपासून दूर राहा आणि औषध घ्या. नायटा एकाला झाला की जोडीदारांनाही होतो. लंगोट आणि टॉवेल स्वतःचाच वापरा.

आज संध्याकाळी करता येईल असं एक काम सांगतो. घराजवळची तालीम, क्रीडा संकुल किंवा कॉलेजचा जिमखाना, यातलं जे जवळ असेल तिथे सरावाच्या वेळी जा आणि नुसतं बसून बघा. वस्ताद किंवा सर नवशिक्याशी कसे बोलतात, लहान मुलाला मोठ्याशी भिडवतात का, कुणाला लागलं तर काय करतात. पटलं तर दुसऱ्या दिवशी लंगोट किंवा ट्रॅक पँट घेऊन जा.