सरोवरप्रदेश आणि 'पात्र' प्रवासी : इंग्लंडमधील पदभ्रमणाच्या सुट्यांचा पूर्वेतिहास

इंग्लंडच्या वायव्य भागातील सरोवरप्रदेश विस्ताराने मोठा नाही. तेथील सर्वांत उंच शिखर स्काफेल पाइक हे ९७८ मीटर, आणि सर्वांत मोठे सरोवर विंडरमिअर हे सुमारे १७ किलोमीटर लांबीचे आहे. तथापि डोंगर चढणे, कडे सर करणे, होडी वल्हविणे अशा शारीरिक श्रमांत सुट्टी घालविण्याच्या प्रथेला इंग्लंडमध्ये जे रूप आले, त्याच्या घडणीत या लहानशा प्रदेशाचा वाटा मोठा आहे. हा इतिहास सामान्यतः निसर्गप्रेमाच्या क्रमशः प्रसाराचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो एका दीर्घ वादाचा इतिहास आहे. या भूमीवर येण्यास पात्र कोण, हा त्या वादाचा विषय होय.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे येणारा प्रवासी पाहण्यासाठी येत असे. टॉमस वेस्ट याने १७७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत सरोवरांच्या काठची निरीक्षणस्थळे नेमून दिली होती. त्या स्थळी उभे राहून समोरचा देखावा एखाद्या चित्राप्रमाणे न्याहाळावयाचा, अशी रीत होती. त्या काळी पायी हिंडणे हे गरिबाचे लक्षण समजले जाई. वर्डस्वर्थ, कोलरिज व त्यांच्या पिढीतील इतर तरुणांनी पदभ्रमणाला प्रतिष्ठा मिळवून दिली. फ्रान्सशी चाललेल्या युद्धांमुळे आल्प्सची वाट बंद झाल्याने सधन प्रवाशांचा ओघही स्वदेशातील डोंगरांकडे वळला होता.

वर्डस्वर्थने या प्रदेशाविषयी केलेले लेखन प्रथम १८१० मध्ये एका चित्रसंग्रहाची प्रस्तावना म्हणून निनावी प्रसिद्ध झाले, आणि पुढे विस्तार पावत १८३५ मध्ये मार्गदर्शिकेच्या पाचव्या आवृत्तीपर्यंत पोहोचले. ज्याला पाहण्याची दृष्टी आणि रस घेणारे मन आहे, अशा प्रत्येकाचा या भूमीवर एक प्रकारचा राष्ट्रीय हक्क आहे, असा विचार त्यात आढळतो. पुढील काळातील संरक्षणवाद्यांनी या विचाराचा वारंवार आधार घेतला. परंतु त्यातील अटीकडे त्यांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. हक्क सर्वांचा नव्हता. दृष्टी असलेल्यांचा होता.

या अटीचा अर्थ १८४४ मध्ये स्पष्ट झाला. केंडलहून विंडरमिअरकडे लोहमार्ग नेण्याची योजना पुढे येताच वर्डस्वर्थने 'मॉर्निंग पोस्ट' या वृत्तपत्रातून तिला विरोध केला. पर्वतसौंदर्याची अभिरुची उपजत नसते, ती सावकाश संस्काराने येते; म्हणून कारागिरांचे जथे एकदम येथे आणून सोडल्याने त्यांचा लाभ होणार नाही आणि प्रदेशाची मात्र हानी होईल, असा त्याच्या युक्तिवादाचा आशय होता. कामगारांनी आपल्या गावाजवळच्या शेतांतून सहकुटुंब फिरावे, असेही त्याने सुचविले. लोहमार्ग १८४७ मध्ये सुरू झाला. मात्र तो विंडरमिअरच्या पुढे अँबलसाइडपर्यंत कधीच गेला नाही. १८७६ मध्ये त्याच्या विस्ताराला विरोध करणाऱ्यांत रस्किनही होता.

या विरोधाकडे केवळ वर्गीय अहंकार म्हणून पाहणे मात्र अपुरे ठरेल. रॉन्स्ली या धर्मोपदेशकाने १८८३ मध्ये सरोवरप्रदेशाच्या रक्षणासाठी मंडळ स्थापून नव्या लोहमार्गांना विरोध केला, आणि जमीनदारांनी बंद केलेल्या पायवाटा खुल्या व्हाव्यात या मागणीलाही पाठिंबा दिला. १ ऑक्टोबर १८८७ रोजी केझिकजवळील लॅट्रिग या टेकडीवर सुमारे २,००० लोक बंदी मोडून चढून गेले. प्रकरण न्यायालयात गेले आणि तडजोडीने शिखराकडे जाणारी वाट लोकांना मिळाली. नॅशनल ट्रस्ट ही संस्था १८९५ मध्ये स्थापन झाली. तिच्या तीन संस्थापकांपैकी रॉन्स्ली एक होता. १९०२ मध्ये डर्वेंटवॉटरच्या काठचे ब्रँडलहाउ हे वनक्षेत्र या संस्थेने लोकवर्गणीतून विकत घेतले. विरोध यंत्राला होता, पायी चालणाऱ्याला नव्हता. संरक्षण आणि प्रवेश या दोन मागण्या या टप्प्यावर एकाच हातात होत्या.

वर्डस्वर्थच्या युक्तिवादाला खरे उत्तर मिळाले ते लँकाशरमधील गिरण्यांच्या गावांतून. तेथे वर्षातून एकदा गावातील सर्व गिरण्या ठराविक आठवड्यात बंद राहत. या सुट्टीचे वेतन मिळत नसे. वर्षभर साठविलेले पैसे कामगार ब्लॅकपूलसारख्या समुद्रकाठच्या गावी काही दिवसांत खर्च करून परतत. कोल्न येथील धर्मोपदेशक टॉमस आर्थर लिओनार्ड याला ही रीत निरर्थक वाटे. १८९१ च्या जून महिन्यात त्याने सुमारे ३० जणांना अँबलसाइड येथे पदभ्रमणासाठी नेले. या उपक्रमातून १८९३ मध्ये को-ऑपरेटिव्ह हॉलिडेज असोसिएशन ही संस्था उभी राहिली. सामुदायिक निवास, साधे अन्न, मद्यपानास मनाई आणि दिवसभराची चाल, असे तिचे स्वरूप होते. पुढे या संस्थेत मध्यमवर्गाचे प्राबल्य वाढले, तेव्हा लिओनार्डने १९१३ मध्ये हॉलिडे फेलोशिप ही दुसरी संस्था काढली.

वर्डस्वर्थच्या मते अभिरुची आधी आणि प्रवास नंतर. लिओनार्डच्या प्रयोगाने हा क्रम उलटविला. प्रत्यक्ष डोंगर चढण्यातूनच अभिरुची निर्माण होते, असे त्याने गृहीत धरले. मग कामगाराला उणीव होती ती संस्कारक्षमतेची नव्हे, तर स्वस्त निवाऱ्याची आणि मोकळ्या वेळेची. निवाऱ्याचा प्रश्न १९३० मध्ये स्थापन झालेल्या युवक-वसतिगृह संघटनेने हाती घेतला. तिच्या वसतिगृहांत एका रात्रीसाठी एक शिलिंग पडे. वेळेचा प्रश्न १९३८ च्या सवेतन रजेच्या कायद्याने काही अंशी सुटला. येथेही एक अट होतीच. वसतिगृहाच्या दारी पायी किंवा सायकलने यावे लागे. मोटारीतून आलेल्यास तेथे जागा नव्हती. पात्रतेची कसोटी अभिरुचीवरून श्रमावर आली, परंतु कसोटी नाहीशी झाली नाही.

१९४९ च्या कायद्यान्वये १९५१ मध्ये सरोवरप्रदेश राष्ट्रीय उद्यान घोषित झाला. सौंदर्याचे जतन आणि लोकांच्या आनंदास उत्तेजन, ही दोन उद्दिष्टे त्या कायद्याने शेजारी-शेजारी ठेवली. मोटारगाड्या वाढल्यावर ती परस्परांशी भिडू लागली. असा विरोध आल्यास जतनास अग्रक्रम द्यावा, हे १९७४ मध्ये सँडफर्ड समितीने सुचविलेले तत्त्व १९९५ मध्ये कायद्यात आले. २००५ पासून विंडरमिअरवर ताशी १० सागरी मैलांची वेगमर्यादा लागू झाली आणि यांत्रिक नौकांमागे पाण्यावर घसरण्याचा खेळ तेथून जवळजवळ हद्दपार झाला. या खेळाचे चाहतेही आपण निसर्गाचाच आनंद घेतो असे म्हणत होते. १८४४ मधील वादाचे हे नवे रूप होय.

यावरून असे दिसते की, दोन शतकांत येथे येणाऱ्यांचे वर्तुळ वर्गाच्या दृष्टीने पुष्कळ विस्तारले, परंतु आदर्श प्रवाशाची मूर्ती फारशी बदलली नाही. तो शांत असावा, मंद गतीने जावा, स्वतःच्या पायांवर यावा, ही अपेक्षा वर्डस्वर्थपासून राष्ट्रीय उद्यानापर्यंत टिकून आहे. या अपेक्षेने सरोवरांचे काठ राखले, हे निर्विवाद आहे. मात्र तिला निसर्गनियम न समजता इतिहासाने घडविलेला संकेत समजणे आवश्यक आहे. हा संकेत कामगारांनी स्वीकारला, आणि स्वीकारताना त्याचा अर्थही बदलला. जी दृष्टी अंगी असल्याशिवाय येथे येऊ नये असे त्यांना सांगितले गेले होते, ती त्यांनी येथे चालून मिळविली.